कुरिअरचा अंदाज आणि कुरिअरचं बिल

‘कुरिअर चार्जेस एक्स्ट्रा.’ घरगुती मसाले, फराळ, साड्या, पुस्तकं, आंबे विकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप कॅटलॉगखाली हे तीन शब्द हमखास असतात. एक्स्ट्रा म्हणजे किती, हे त्या क्षणी विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ग्राहक विचारतो, आपण ‘शंभर-सव्वाशे होतील’ असं सांगून मोकळे होतो, आणि पार्सल गेल्यावर आठवड्याने बिलात आकडा दिसतो 190. आता हे वरचे पैसे कोणाचे?

माझं उत्तर सरळ आहे. किरकोळ ऑर्डरीत वरचे पैसे विकणाऱ्याचे. पार्सल दारातून बाहेर पडलं की ग्राहकाशी कुरिअरचा हिशेब संपला. त्याला सांगितलेली रक्कम ही त्याच्यासाठी किंमत आहे, आपल्यासाठी अंदाज. अंदाज चुकला तर तो आपण आपल्या वहीत निस्तरायचा आणि पुढच्या महिन्याचा दर सुधारायचा. ‘ताई, कुरिअरवाल्याने 65 जास्त लावलेत, तेवढे जीपे करता का’ असा मेसेज ज्याने एकदा पाठवला, त्याला ते 65 मिळतातही बहुधा. पुढची ऑर्डर मिळत नाही.

उलट बाजूनेही तेच. जास्त घेतले गेले आणि फरक दहा-वीस रुपयांचा असेल, तर परत करण्याचा खटाटोप कोणालाच नको असतो. पण 200 घेतले आणि लागले 90, तर ते चूपचाप ठेवून घेणं बरं नाही. पार्सलवर कधीकधी पोस्टाची पावती चिकटवलेली असते आणि ती ग्राहक वाचतो. म्हणून आधीच एक मर्यादा ठरवून ठेवावी, समजा 50 रुपये. फरक त्याच्या आत असला तर कोणी कोणाला काही देणं लागत नाही. त्यापेक्षा जास्त उरले तर न मागता परत. हे वाक्य कॅटलॉगच्या तळाशी लिहून टाकलं की दर वेळची घासाघीस टळते.

हे परवडायचं असेल तर अंदाज बरोबर यायला हवा. तो बहुतेकांचा चुकतो तो वजनकाट्यापाशी.

चिवडा हवा खातो

किलोभर पातळ पोह्यांच्या चिवड्याचं उदाहरण घेऊ. चिवडा 1 किलो, खोका आणि बबलरॅप धरून काट्यावर 1.3 किलो. विकणारा हिशेब करतो तो दीड किलोच्या स्लॅबचा, कारण देशातले बहुतेक कुरिअर अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने दर लावतात. खोका मात्र 30 बाय 22 बाय 20 सेंटिमीटरचा आहे. कुरिअर कंपनी लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करते, त्याला 5000 ने भागते आणि जे येईल त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणते. इथे गुणाकार 13,200, भागाकार 2.64. काट्याचं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर बिल. म्हणजे 1.3 किलोच्या पार्सलला 3 किलोचा दर.

समजा दर पहिल्या अर्ध्या किलोला 45 रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 40 असा आहे. दीड किलोचे होतात 125, तीन किलोचे 245. वर 18 टक्के जीएसटी धरला तर 147.50 आणि 289.10. सांगितलेलं आणि लागलेलं यांत 140 रुपयांची दरी, आणि ती केवळ खोक्यातल्या हवेची. चिवड्यात सुटणारा नफा बघता त्या ऑर्डरवर काही उरलंच नाही.

यावर उपाय दर वाढवणं हा नाही, खोका बदलणं हा आहे. तोच चिवडा अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन चपट्या पिशव्यांत भरून 32 बाय 24 बाय 10 च्या खोक्यात आडवा ठेवला तर गुणाकार 7,680 होतो, भागाकार 1.536. हाय रे दैवा, 36 ग्रॅमनी दोन किलोचा स्लॅब लागला. तोच खोका साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा असता तर 1.459, म्हणजे दीड किलोत बसला असता. अर्धा सेंटिमीटर म्हणजे 40 रुपये आणि वरचा कर. म्हणून खोके मागवताना खोकेवाल्याकडे जे तयार असेल ते उचलू नये. आपल्या चार-पाच नेहमीच्या ऑर्डरींचं माप काढून, भागाकार करून मग मापं ठरवावीत. हजार खोके छापून घेतल्यावर हा साक्षात्कार होऊ नये.

आणखी एक. माप बाहेरून घेतात, तेही जिथे खोका सर्वांत फुगलेला आहे तिथे. मोठ्या केंद्रांवर पट्ट्यावरून जाणाऱ्या पार्सलचं वजन-माप यंत्रच घेतं, आणि त्याला खोक्याचं सुटलेलं पोट दिसतं. साडेनऊच्या खोक्यात ठासून भरलं आणि झाकण अकरापर्यंत वर आलं, तर यंत्र अकराच धरणार. खोका टेपने बंद करून, वर हाताने दाबून, मगच टेपपट्टी लावून मोजा.

5000 हा भाजक सगळीकडे सारखा नसतो. जमिनीवरून जाणाऱ्या मालाला काही कंपन्या वेगळा आकडा धरतात. आपल्या करारात कोणता आहे ते एकदा वाचून, पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवावा.

चिवड्याच्या उलट गोडा मसाला, मेतकूट, तिखट. हा माल काट्यावरच भरतो, खोका लहानच लागतो. गंमत दोन्ही एकत्र गेल्यावर होते. वरच्या मोठ्या खोक्यात चिवड्याबरोबर अर्धा किलो मेतकूट कोपऱ्यात बसलं, तर काट्याचं वजन 1.8 किलो होईल, पण बिल आधीच 3 किलोचं आहे. मेतकूट फुकट प्रवास करतं. बऱ्याच जणांच्या वेबसाइटवर प्रत्येक वस्तूला वेगळं शिपिंग लावून त्यांची बेरीज केलेली असते, त्यामुळे या ग्राहकाकडून साठ-सत्तर रुपये उगाच जास्त घेतले जातात. आकारणी वस्तूवर नको, पार्सलवर हवी. आणि हे कळलं की विकायलाही सोपं जातं. ‘मेतकूट वाढवलं तरी कुरिअर तेवढंच’ हे वाक्य ऐकून मेतकूट न घेणारा ग्राहक विरळा.

दर कुठून काढायचा

कुरिअर कंपनीच्या किंवा एग्रिगेटरच्या (अनेक कुरिअरचं बुकिंग एकाच जागी करून देणाऱ्याच्या) पानावर पिनकोड टाकला की एक आकडा येतो. तो आकडा ग्राहकाला सांगायचा नसतो. त्यात बऱ्याचदा जीएसटी धरलेला नसतो, इंधन अधिभार वेगळा असतो आणि तो वेळोवेळी बदलतो, आडगावच्या पिनकोडला जादा आकार लागतो, कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर त्याचे वेगळे. शिवाय पॅकिंगचा खोका, टेप, बबलरॅप आणि छापील लेबल यांचे 20-25 रुपये कुरिअरवाला देत नाही.

खरा दर आपल्याच जुन्या बिलांत असतो. गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक पार्सलपुढे पिनकोडचा विभाग आणि लागलेला स्लॅब लिहा. विभाग चार-पाचच पुरतात: आपलं शहर, महाराष्ट्र, मुंबई-दिल्ली-बंगळुरूसारखी महानगरं, बाकीचा देश, आणि ईशान्य भारत-जम्मू-काश्मीर-अंदमान. प्रत्येक विभागातल्या प्रत्येक स्लॅबची सरासरी काढा, त्यात पॅकिंग मिळवा, पाच किंवा दहाच्या पटीत वर न्या. झालं आपलं दरपत्रक. एकाच विभागातले दोन ग्राहक प्रत्यक्षात वेगळ्या खर्चात जातील, एकात सुटतील दहा रुपये, दुसऱ्यात जातील दहा. ते तसंच होऊ द्यायचं असतं.

जवळ म्हणजे स्वस्त असं मात्र नाही. सांगलीकराला बेळगाव हाकेच्या अंतरावर आणि नंदुरबार कुठल्या कुठे. पण काही कंपन्या राज्य बघून विभाग ठरवतात, काही अंतर बघून. पहिल्या प्रकारात बेळगावचं पार्सल ‘बाकीच्या देशा’त जातं आणि नंदुरबारचं ‘महाराष्ट्रा’त. बेळगावच्या ग्राहकाला हे समजावत बसण्यापेक्षा, सीमाभागाच्या पिनकोडना स्वतःच महाराष्ट्राचा दर लावावा आणि फरक सोसावा. त्या भागातला मराठी ग्राहक मसाला-फराळ नेमाने मागवतो.

पोस्टाला विसरू नये. 1986 साली सुरू झालेली स्पीड पोस्ट सेवा आडगावी पोचते, तिथे जादा आकार लावून हात वर करणाऱ्या खासगी कुरिअरपेक्षा ती कितीदा तरी बरी पडते. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, त्यामुळे ‘रजिस्टरने पाठवतो’ म्हणून जुन्या दराचा हिशेब मांडणाऱ्यांनी तो नव्याने मांडावा. पुस्तकं विकणाऱ्यांसाठी मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही सेवा आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा, असा सुरुवातीचा दर होता. माल जमिनीवरून जातो, म्हणून वेळ लागतो. पण शैक्षणिक, सांस्कृतिक पुस्तकाच्या 250 रुपयांच्या प्रतीला 90 रुपये टपालखर्च सांगून ग्राहक घालवण्यापेक्षा, ‘आठवड्याने येईल, टपालखर्च एवढाच’ असाही पर्याय देऊन बघावा. निवड ग्राहकाची.

आंब्याचं गणित वेगळं आहे, कारण तिथे पेटीमागे भाडं असतं आणि गाडी भरली की नाही त्यावर ते हलतं. देवगड-रत्नागिरीहून टेम्पोने किंवा ट्रॅव्हल्सने पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पेटीला हमाली लागते, आणि उतरवून घेतल्यावर घरापर्यंतची रिक्षा कोणाची हा वाद उरतोच. तिथे ‘घरपोच’ आणि ‘गाडीपर्यंत’ असे दोन वेगळे भाव सांगावेत, आणि हंगामाच्या आरंभी ठरवलेलं पेटीचं भाडं अक्षय्य तृतीयेच्या गर्दीतही बदलू नये. एप्रिलच्या पहिल्या पेट्यांत जे चार पैसे सुटतात, ते त्या आठवड्यात जातात.

विचारून घ्यायचं ते कधी

काही ऑर्डरी दरपत्रकात बसतच नाहीत. मुंजीसाठी 15 किलो लाडू, लग्नातल्या रुखवतासाठी कुरडया-पापडांचे डबे, सोसायटीतल्या 40 घरांची एकत्र मागणी. कुरडया तर चिवड्याच्याही वरताण, वजन नाही आणि जागा सगळी, वर मोडण्याची भीती. अशा ठिकाणी अंदाज सांगूच नये. मालाचे पैसे आधी घ्यावेत, माल भरून, मोजून, खरं माप टाकून दर काढावा आणि मग कुरिअरचे पैसे मागावेत. पार्सल आपल्या दारात असताना मागितलेले पैसे आणि गेल्यावर मागितलेले पैसे यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आधी मागितले की तो भाव असतो, ग्राहकाला नाही म्हणायची मुभा असते. नंतर मागितले की ती वसुली वाटते.

मेसेज असा असावा: ‘काकू, तुमचे तीन खोके तयार झाले, मिळून 14 किलो. कुरिअरने घरपोच 980 रुपये, तीन-चार दिवस. ट्रान्सपोर्टने 420, पण गोडाऊनवरून तुम्हाला उचलावं लागेल. दोन्हीत पॅकिंग आणि टॅक्स आलं. बिल कमी-जास्त आलं तरी तुम्हाला एवढंच. कसं पाठवू?’ यात रक्कम आहे, तिच्यात काय धरलंय ते आहे, आणि निर्णय काकूंचा आहे.

ऑर्डर दिल्यावर ग्राहकाने पत्ता पुण्याचा गुवाहाटीचा केला, किंवा आणखी दोन किलो वाढवलं, तर वाढीव पैसे बिनधास्त मागावेत, पाठवण्याआधी. एका ऑर्डरीचे दोन भाग आपल्या अडचणीमुळे झाले, पापड आज तयार आणि चिवडा गुरुवारी, तर दुसऱ्या पार्सलचं भाडं आपलं. ग्राहकानेच ‘अर्धं आईकडे पाठवा’ म्हटलं तर दोन पार्सलांचे दोन दर.

परत आलेल्या पार्सलचं दुखणं जुनं आहे. जाण्याचंही भाडं लागतं आणि येण्याचंही. पत्ता ग्राहकाने चुकीचा दिला असेल तर पुन्हा पाठवण्याचं एकेरी भाडं मागावं. परतीचं सोसावं, निदान पहिल्यांदा. कॅश ऑन डिलिव्हरीवर घेतलंच नाही, तर त्या ग्राहकाला पुढे फक्त आगाऊ पैशांवर माल. फराळासारख्या नाशवंत मालाला माझ्या मते कॅश ऑन डिलिव्हरी ठेवूच नये. परत आलेला चिवडा कोण खाणार?

‘डिलिव्हरी फ्री’बद्दल थोडक्यात. भाडं किमतीत मिसळलेलं असतं, हे ग्राहकही जाणतो आणि तरी त्याला ते आवडतं. आपली सरासरी ऑर्डर 600 ची असेल तर फ्रीची मर्यादा 900-1000 ला लावावी, 500 ला नाही. आणि ईशान्येकडच्या पिनकोडला फ्री आहे की नाही ते तिथेच लिहावं.

कायदा काय म्हणतो

2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते, आणि त्या आकड्याची फोड करून डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर हे सगळं वेगळं दाखवायचं असतं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या 13 क्लृप्त्यांची यादी काढली. आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर थेंब थेंब आकार वाढवत नेणं ही त्यातली एक आहे. म्हणजे ‘कुरिअर चार्जेस एक्स्ट्रा’ लिहून थांबणं आणि पैसे भरल्यावर उरलेलं मागणं ही नुसती वाईट सवय राहिलेली नाही. मोठ्या कंपन्यांसाठी हे नियम आहेत, आपण कुठे लागून गेलो, असं समजू नये. ऑनलाइन नेमाने विकतो तो विक्रेताच.

जीएसटीत नोंदणी असेल तर आणखी एक बाब पक्की समजून घ्यावी. ग्राहकाकडून बिलात घेतलेलं कुरिअर भाडं आणि पॅकिंग हे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे मालाच्या किमतीतच धरलं जातं आणि त्यावर मालाचाच दर लागतो. कुरिअरवाला आपल्याला 18 टक्के लावतो म्हणून आपणही ग्राहकाला 18 लावायचे, असं नाही. पाकीटबंद चिवडा-फरसाणावर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, तर त्याच्या भाड्यावरही 5. पापड करमाफ आहे. मग एकाच खोक्यात 800 रुपयांचा चिवडा आणि 400 चे पापड गेले, भाडं 150 घेतलं, तर? किमतीच्या प्रमाणात फोड करावी हा सर्वसाधारण रिवाज: 100 रुपये चिवड्याकडे, त्यावर 5 रुपये कर, 50 रुपये पापडाकडे, कर शून्य. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे एकदा बसवून घ्यावं आणि आपल्या सीएकडून तपासून घ्यावं.

बिल दिल्यानंतर भाड्यातला काही भाग परत केला, तर 34 व्या कलमाखाली क्रेडिट नोट काढावी. नुसते पैसे परत पाठवून बिल तसंच ठेवलं तर परत केलेल्या पैशांवरही कर भरला जातो. कुरिअरच्या बिलातल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, पण त्यासाठी कुरिअरकडे किंवा एग्रिगेटरकडे आपला जीएसटी नंबर नोंदवलेला हवा. करमाफ मालही विकत असाल तर ते क्रेडिट प्रमाणात कमी करावं लागतं. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना क्रेडिट नाहीच, आणि परराज्यात विकताही येत नाही.

महिनाअखेरची वही

अंदाज आणि बिल यांची गाठ घालायची जागा महिनाअखेरीची वही. एक्सेलची एक शीट पुरते. रकाने असे: ऑर्डर नंबर, कुरिअरचा एडब्ल्यूबी (ट्रॅकिंग) नंबर, पिनकोड, ग्राहकाकडून घेतलेलं, बुकिंग करताना दिसलेलं, बिलात आलेलं, आणि शेवटी कारण. या तीन रकमांपैकी मधली बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि खरी मेख तिथेच असते. पहिली आणि दुसरी यांत फरक असेल तर आपलं दरपत्रक चुकतंय. दुसरी आणि तिसरी यांत फरक असेल तर कुरिअरने वजन वाढवून लावलंय, किंवा आपण बुकिंग करताना कमी टाकलंय.

समजा महिन्यात 80 पार्सलं गेली, 12,400 रुपये जमा झाले आणि 13,100 गेले. 700 चा खड्डा, पार्सलमागे पावणेनऊ रुपये. घाईत सगळ्यांचे दर 10 रुपयांनी वाढवले जातात. त्याआधी शेवटचा रकाना वाचावा. त्या 700 पैकी 600 जर गुवाहाटी-इंफाळकडच्या सहा पार्सलांतच गेले असतील, तर पुणे-नाशिकच्या ग्राहकाने ते का भरायचे? ईशान्येचा दर दुरुस्त करा, बाकी हात लावू नका.

वजन वाढवून लावल्याची तक्रार करता येते, पण तिला मुदत असते आणि ती थोड्या दिवसांची असते. महिनाअखेरीची वाट बघितली तर मुदत टळते. म्हणून एग्रिगेटरच्या पानावरची वजनातल्या फरकाची यादी दर दोन-तीन दिवसांनी बघावी. पुरावा लागतो तो फोटोंचा: बंद खोका काट्यावर, आकडा आणि लेबल दोन्ही दिसताहेत, मग तिन्ही बाजूंना टेपपट्टी लावून. प्रत्येक पार्सलचे नाही काढले तरी चालेल, पण नेहमीच्या खोक्यांचे आणि 2 किलोच्या पुढच्या सगळ्यांचे काढावेत. 1.9 किलोचं पार्सल 2.5 लावलंय असं फोटोसह दाखवलं की पैसे परत येतात. फोटो नसेल तर यंत्राचं म्हणणं खरं.

हिशेबात दोन खाती वेगळी ठेवावीत: ग्राहकाकडून आलेलं भाडं जमेला, कुरिअरला दिलेलं खर्चाला. दोघांची वजाबाकी करून उरलेलं एकाच खात्यात टाकलं तर वर्षाच्या शेवटी कुरिअरमध्ये नफा होता की तोटा, काहीच कळत नाही, आणि जीएसटीचा मेळही बसत नाही. एग्रिगेटरच्या वॉलेटमध्ये 5,000 भरले तर तो त्या दिवशीचा खर्च नव्हे, ती आगाऊ दिलेली रक्कम आहे. खर्च पार्सलच्या बिलाने होतो. टॅलीत ही नोंद चुकीची टाकणारे इतके आहेत की मार्चमध्ये सीएच्या टेबलावर हाच गुंता आधी सोडवावा लागतो. 31 मार्चपर्यंत पाठवलेल्या पण बिल न आलेल्या पार्सलांचा खर्च अंदाजाने त्याच वर्षात धरावा.

सातासमुद्रापार

परदेशी फराळाची ऑर्डर म्हणजे वरचं सगळं, दहा पटीने. भाडं मालापेक्षा जास्त, भाजक बहुतेक 5000 च, आणि दर 5, 10, 20 किलोच्या टप्प्यांवर एकदम घसरतो. त्यामुळे 9 किलोचं पार्सल कधीकधी 10 किलोच्यापेक्षा महाग पडतं. ग्राहकाला हे सांगितलं तर तो खुशीने आणखी किलोभर शेव घालायला सांगतो.

खरा घोळ भाड्याचा नसतो, ड्युटीचा असतो. न्यू जर्सीतला ग्राहक दोन्हींना ‘शिपिंग’च म्हणतो. 800 डॉलरच्या आतल्या मालाला अमेरिकेत जी माफी होती ती 29 ऑगस्ट 2025 ला संपली. त्याच्या चार दिवस आधीपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं होतं, ते 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं, पण ड्युटी इथेच आगाऊ भरण्याच्या पद्धतीने. दिवाळी तोंडावर होती. सप्टेंबरमध्ये जुन्या हिशेबाने दर सांगून बसलेल्यांची काय अवस्था झाली असेल ते वेगळं सांगायला नको. युरोपात 22 युरोपर्यंतची व्हॅटमाफी जुलै 2021 मध्येच गेली, आणि ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंतच्या मालावर विक्रीच्या वेळीच व्हॅट लावण्याची पद्धत जानेवारी 2021 पासून आहे.

म्हणून परदेशी ऑर्डरीचा दर देताना तीन गोष्टी लेखी हव्यात. भाडं किती आणि कोणत्या वजनाला. ड्युटी-कर आपण इथे भरणार की घेणाऱ्याने तिथे भरायचे. आणि हा दर कोणत्या तारखेपर्यंत लागू. ड्युटी घेणाऱ्यावर सोडली असेल तर ते ठळक लिहावं, नाहीतर आजोबांनी नातवाला पाठवलेल्या डब्यावर नातवाच्या दारात पैसे मागितले जातात, आणि आजोबांचा फोन आपल्याला येतो. शक्यतो ड्युटी आगाऊ भरलेला पर्याय द्यावा. महाग पडतो, पण आकडा पक्का असतो. अमेरिकेला विक्रीसाठी खाद्यपदार्थ जाताना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. ती कुरिअर करणार की आपण, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हेही दर देण्याआधीच विचारावं.

परदेशाचं दरपत्रक दिवाळीआधी दीड-दोन महिने नव्याने काढावं. देशातलं वर्षातून दोनदा पुरे, कंपन्यांचे दर बदलले तर मध्येही. वर तारीख टाकावी. दर वाढले तरी ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांची पार्सलं जुन्याच दराने जातील, आणि तो फरक त्या महिन्याच्या शीटमध्ये ‘जुना दर’ या कारणाखाली लिहिला जाईल.